अमृत सरांचा उजवा कान

अमृत उखा पाटील यांच्या स्वयंपाकघरात लसूण ‘शैक्षणिक गुणवत्ते’त असतो, शेंगदाणे ‘नवीन अध्यापन पद्धती’त असतात आणि बाजरी ‘संगणक साक्षरते’त. त्याचं असं आहे, की अमृत सर शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यातल्या एका तंत्रनिकेतनात अठ्ठावीस वर्षं यंत्रशाळा शिकवतात. शिकवणाऱ्यालाही अधूनमधून शिकवलं पाहिजे असं वरच्या कार्यालयांना वाटत असल्यामुळे त्यांना दर तीन-चार वर्षांनी कुठल्यातरी कार्यशाळेला धाडलं जातं. तिथे एक पेन, एक वही आणि कार्यशाळेचं नाव छापलेली एक कापडी पिशवी मिळते. पेन चार दिवसांत बसतं. वही पुतण्या पळवतो. ज्ञान बहुतेक परतीच्या एसटीत वरच्या फळीवर राहून जातं. पिशवी मात्र टिकते. अशा सात पिशव्या सरांच्या पत्नीने, तुळशीबाईंनी, खिळ्यांना ओळीने टांगल्या होत्या, आणि नवऱ्याची शैक्षणिक प्रगती त्या धान्यावरून मोजत होत्या.

त्यामुळे मार्चच्या शेवटी आठव्या कार्यशाळेची बातमी घरात आली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न मुद्द्याचाच विचारला.

“पिशवी मोठी शे का? मिरच्या भरानी शेतस.”

“आवं, यंदा पिशवीनं काय लई बठी?” सर म्हणाले. “यंदा मन्ही परीक्षा शे.”

ते खरं होतं. जूनपासून ‘यंत्रांची देखभाल’ हा विषय नव्याने येणार होता. यंत्राला सेन्सर चिकटवायचा, संगणकावर बघायचं, आणि यंत्र आजारी पडण्याआधीच ओळखायचं. कार्यशाळा पाच दिवसांची, ती यंदा लोणखेड्यातच, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक शिक्षकाने दहा मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा. पाठ जमला तर विषय त्याचा. नाही जमला तर कंत्राटी शिक्षक येणार, आणि प्राचार्यांनी सौम्य आवाजात सांगितल्याप्रमाणे अमृत सरांकडे ‘थोडं निवांत काम’, म्हणजे भांडार, सोपवलं जाणार. भांडार म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे एक खिडकी, एक बंद पंखा आणि पाय मोडलेली साठ बाकं. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं बाकांशी काय बोलायचं, हा सरांपुढे प्रश्न होता.

तसे ते साधेसुधे मास्तर नव्हते. ‘अमृत सर’ हे दोन शब्द पोरांनी जोडून टाकल्यापासून त्यांच्या पत्र्याच्या यंत्रशाळेला सगळं कॉलेज ‘सुवर्णमंदिर’ म्हणायचं, आणि त्या मंदिराची कीर्ती तापीच्या दोन्ही काठांवर होती. ती होती सरांच्या कानाची. शेतकरी पंपाची मोटर टेम्पोत घालून थेट यंत्रशाळेच्या दाराशी आणत. सर हातभर लांबीचा, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घेत. त्याचं टोक चालू मोटरीवर टेकवत, मूठ उजव्या कानाशी लावत आणि डोळे मिटत. भोवतालची माणसं श्वास धरून उभी राहत. मग सर डोळे उघडून म्हणत, “पंख्याकडलं बेअरिंग. पंधरा दिन.” सोळाव्या दिवशी मोटर जागच्या जागी जाम व्हायची, आणि शेतकरी मोटर दुरुस्त करायचं सोडून आधी गावभर हे सांगत फिरायचा.

सरांची दुसरी कीर्ती शिस्तीची होती. वर्गात आपल्या उजव्या हाताच्या रांगेतून आलेल्या शंकेला ते कधीच उत्तर देत नसत. मान वळवत नसत, भुवई हलवत नसत. पोरांनी पाच वर्षांच्या निरीक्षणातून सिद्धांत काढला होता, की उजवीकडची शंका सर मुळातच फालतू धरतात. त्यामुळे अभ्यासू पोरं डावीकडे बसत आणि ज्यांना काही विचारायचंच नसे ती उजवीकडे. दोन्ही रांगा सुखात होत्या.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी नंदुरबार, धुळे, जळगावकडचे तीस शिक्षक जमले आणि सगळेच्या सगळे शेवटच्या बाकाकडे धावले. जन्मभर पोरांना “पुढे या, पुढे या” म्हणणारी माणसं ती. पहिली तीन बाकं ओस पडली. धुळ्याहून आलेल्या लोटन सरांनी तर बसायच्या आत विचारलं, “जेवणात काय आहे?” वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी आहे असं कळल्यावर त्यांनी दुपारच्या झोपेसाठी भिंतीची जागा धरली.

शिकवायला आली होती फाल्गुनी. वय तिशीचं, खांद्याला लॅपटॉपची बॅग, सुरतेच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक. आत येताच ती थेट शेवटच्या बाकाकडे गेली आणि अमृत सरांच्या पायाला हात लावला.

“काका, ओळखलंत? नंदुरबारची. पारसमल बेअरिंगवाल्यांची.”

सरांनी ओळखलं. नंदुरबारच्या बाजारात पारसमलांचं बेअरिंग आणि पट्ट्यांचं दुकान. मिरचीच्या दिवसांत तिथे गिऱ्हाईक आधी चार वेळा शिंकायचं आणि मग माल मागायचं. सर पंचवीस वर्षं तिथूनच बेअरिंग घेत, आणि गल्ल्याशेजारी एक दोन वेण्यांची मुलगी पाढे लिहीत बसलेली असे.

“काका बेअरिंग कानाशी धरून बोटानं फिरवायचे,” फाल्गुनी सगळ्यांना सांगू लागली. “मला वाटायचं, काका लोखंडाशी फोनवर बोलतात. एकदा मी विचारलं, काय म्हणतं ते? तर म्हणाले, ‘म्हणतं, माझ्या पोटात खडा आहे.’ आणि पप्पांना ते बेअरिंग परत दिलं. त्या दिवसापासून मला लोखंडाचं बोलणं ऐकायचं होतं. मी पुढे जे काही शिकले ना, ते तिथून.”

अमृत सरांनी चष्मा पुसला. अठ्ठावीस वर्षांत त्यांना बरेच सत्कार मिळाले होते. पण आपण शिकवलेलंच नाही अशी विद्यार्थिनी पहिल्यांदा मिळत होती.

“म्हणजे गुरुजी मागच्या बाकावर आणि चेली फळ्यापाशी!” लोटन सर भिंतीवरून म्हणाले. “बसा पाटील, आता मजा येईल.”

मजा तिसऱ्या दिवशी आली.

फाल्गुनीने सगळ्यांना सुवर्णमंदिरात नेलं. तिथल्या सगळ्यात जुन्या लेथची मोटर चालू केली. खिशातून सुपारीएवढा, चुंबक लावलेला सेन्सर काढला. पण तो चिकटवण्याआधी थांबली.

“आधी काकांचा कान. मग माझं यंत्र.”

तिने हे मानाने केलं होतं. सरांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, टेकवला, मूठ उजव्या कानाशी, डोळे बंद. त्या मोटरीचं बेअरिंग सरांनी दिवाळीत स्वतः बदललं होतं, पारसमलांच्या दुकानात स्वतः कानाशी फिरवून आणलं होतं. त्यांनी डोळे उघडले.

“स्वच्छ. गाय रवंथ करते तशी चालू आहे.”

फाल्गुनीने सेन्सर लावला. टक्कन चिकटला. पडद्यावर आधी हिरवळीसारखी एक खुरटी रेघ उमटली, आणि मग त्या हिरवळीतून सारख्या सारख्या अंतरावर खांब उभे राहिले. एक, दोन, तीन, चार, शेताच्या बांधावर विजेचे खांब असावेत तसे. फाल्गुनीचा चेहरा उतरला. तिने तार तपासली, सेन्सर काढून पुन्हा लावला. खांब तिथेच.

“काका,” ती हळू म्हणाली, “बाहेरच्या कड्यावर डाग दाखवतंय. प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना ठोकर खातोय.”

“तुझं यंत्र नवं आहे,” सर म्हणाले. “त्याला आमच्याकडचं ऊन लागलं असेल.”

माणसं हसली. तेवढ्यावर सोडायला हवं होतं. पण लोटन सर म्हणाले, “पाटील, यंत्राला ऊन लागतं की कानाला वय?” आणि अमृत सरांच्या आतला तापीकाठचा पाटील उठून उभा राहिला.

“उघडा मोटर!” ते म्हणाले. “आत डाग निघाला, तर जूनपासून या विषयाच्या वर्गात मी पाय ठेवणार नाही. चार लोकांसमोर सांगतो.”

चार कुठले, तीस होते.

मोटर सरांनीच उघडली. पाने त्यांचे, हात त्यांचे. पुलर लावून बेअरिंग काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं आणि दारातल्या उजेडात धरलं. कड्याच्या आतल्या चकचकीत वाटेवर एक डाग होता, मिरचीच्या बीएवढा. तेवढासाच.

सरांनी ते बेअरिंग उजव्या कानाशी नेलं, बोटाने फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; भाबडं नवल होतं. डोळ्यांना डाग दिसतोय आणि कान म्हणतोय, काही नाही.

फाल्गुनीने नव्या बेअरिंगसाठी वडिलांना फोन लावला होता. हात सेन्सरच्या तारेत गुंतलेले म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे पारसमल सगळ्या यंत्रशाळेशी बोलत होते.

“बासष्ट शून्य पाच नंबरचंच ना? पाठवतो. सरांसाठी कोणतंही काढलं तरी चालतं. अगं, पहिले सर दहा फिरवायचे, नऊ परत! माझा जीव घ्यायचे. पाच वर्षांपासून पहिलंच पास! मी तर घरात म्हणालो, सरांचा आता आपल्या दुकानावर भरोसा बसला.”

फाल्गुनीने फोन बंद केला. ती सरांकडे बघत राहिली, त्यांच्या उजव्या हाताकडे, उजव्या कानाकडे, आणि त्यांच्या टेबलाच्या उजव्या बाजूला, त्याच कानापासून हातभर अंतरावर अठ्ठावीस वर्षं धडधडत असलेल्या कॉम्प्रेसरकडे.

“काका,” ती म्हणाली, “एकदा दुसऱ्या कानाला लावा ना.”

सरांनी बेअरिंग डाव्या कानाशी नेलं. फिरवलं.

किर्र. अगदी बारीक. साखरेचा एक कण दाताखाली यावा तसं.

त्यांनी ते परत उजव्या कानाशी नेलं. काही नाही. डाव्या. किर्र. उजव्या. नाही. तीस माणसांसमोर चोपन्न वर्षांचा माणूस एक बेअरिंग या कानावरून त्या कानावर नेत होता.

घरी गेल्यावर त्यांनी तुळशीबाईंना सांगितलं, की मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तुळशीबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी थापणंही थांबवलं नाही.

“मंग? तुम्हले आज समजनं?”

“तुले म्हाईत व्हतं?”

“पाच वरीसथीन मी तुम्हना डाव्या अंगले कसाले बठस? उजवीकडथीन बोलस तं तुम्ही दगडना देव बनी जातस.”

“मंग सांगं कसं नही?”

“सांगं ना!” तुळशीबाई म्हणाल्या. “उजवीकडथीनच सांगं व्हई.”

चौथ्या दिवशी सर कुलूप उघडायच्या आधी यंत्रशाळेच्या पायरीवर बसले होते. फाल्गुनी आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “ते पुन्हा दाखवशील?” तिने डागी बेअरिंग पुन्हा मोटरीत बसवू दिलं. मोटर चालू झाली. सरांनी डोळे मिटून स्क्रू ड्रायव्हरची मूठ उजव्या कानाशी लावली. तीच गाईची रवंथ. मग डोळे उघडले, आणि पडद्यावर खांब उभे होते.

त्या माणसाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते सांगणं अवघड आहे. जो आवाज आपल्यापासून कधीच निघून गेला, जाताना सांगूनही गेला नाही, तो समोर उभा होता. दिसत होता. सरांनी बोट लावून एकेक खांब मोजला. मग दिवसभर ते सेन्सर घेऊन यंत्रशाळेत फिरले. ड्रिलिंग मशीनला लावला, ग्राइंडरला लावला, त्या दगाबाज कॉम्प्रेसरला लावला. अठ्ठावीस वर्षांची ओळखीची यंत्रं, आणि प्रत्येकाची रेघ वेगळी, माणसाच्या अक्षरासारखी. “हे असं लिहितं होय!” ते दर वेळी म्हणत. जेवायची सुट्टी झाली तरी माणूस जागचा हलला नाही.

पण शब्द गेला होता. सरांच्या गावात चार लोकांसमोर टाकलेला शब्द माणूस स्वतः मागे घेऊ शकत नाही. घ्यायचा तर त्या चार लोकांनीच सोडायचा. आणि सोडा म्हणून मागायला जाण्यापेक्षा जिन्याखालची बाकं बरी, असं सरांनी ठरवलं.

पाचव्या दिवशी पाठाची वेळ नेमकी बट्टीनंतर आली. खोलीत तूप आणि झोप दोन्ही दाटली होती. पाठ यंत्रशाळेत होते, आणि लोटन सर पुढच्या लोखंडी टेबलावर गाल टेकून निजले होते. प्राचार्य गुणपत्रक घेऊन बसले होते. अमृत सर उठले.

“मी पाठ घ्यायला उठलेलो नाही,” ते म्हणाले. “मी हे सांगायला उठलोय, की मी शिकवणार नाही. का नाही, ते मात्र सांगितलं पाहिजे. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही.”

प्राचार्यांनी मान वर केली.

“आता हे मला पाच वर्षं का कळलं नाही? कारण आवाज जातो तेव्हा आवाज होत नाही. भांडं पडलं तर कळतं. आवाज पडला तर कळत नाही. आधी बारीक आवाज जातो. आणि यंत्राचा आजार सुरू होतो तोच बारीक आवाजानं. म्हणजे ज्या दिवशी मला यंत्र धडधाकट वाटायला लागलं...” ते थांबले. “त्या दिवशी मी कान तपासायला हवा होता, मोटर नाही.”

खोलीतली झोप जरा उडाली.

“हा स्क्रू ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षांत पोरांच्या हातात मी तो कधी दिला नाही. अभ्यासक्रमात नव्हता. आणि मला वाटायचं, पाने देता येतात, कान कसा देणार? तो माझ्याबरोबरच जायचा. तो तर माझ्याही आधी गेला!” हशा पिकला. “पण ही पोरगी. हिनं दुकानात गल्ल्याशेजारी बसून माझा कान बघितला आणि तो देता येईल असा करून आणला. हे बघा.”

त्यांनी सेन्सर उचलला, इकडेतिकडे बघितलं, आणि लोटन सर निजले होते त्या लोखंडी टेबलालाच लावला. टक्. पडद्यावर रेघ सरळ होती. मग ती एकदम चढली, टोकाला थरथरली आणि धपकन खाली आली. पुन्हा चढली. थरथरली. धपकन.

“हे बेअरिंग धुळ्याचं आहे,” सर म्हणाले.

खोली फुटली. प्राचार्यांच्या हातून गुणपत्रक पडलं. आणि सर थांबेचनात. चढ म्हणजे काय, थरथर म्हणजे काय, दोन चढांमधलं अंतर का मोजायचं, ते सगळं त्यांनी घोरण्यावर समजावलं. मग तेच मोटरीवर. मग एकेकाला बोलावून आधी स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरायला लावला आणि मग पडदा दाखवला. आधी ऐका, मग बघा, मग सांगा दोघांचं जमतं का. जळगावच्या एका शिक्षिकेने डोळे मिटून “किर्र येतंय, सर!” असं म्हटलं आणि पडद्यावर खांब बघितले तेव्हा ती लहान मुलीसारखी ओरडली. शेवटच्या बाकावरची माणसं कधी पुढे येऊन उभी राहिली कुणाला कळलं नाही. शिकवणार नाही हे सांगायला उठलेला माणूस चाळीस मिनिटं शिकवून खाली बसला.

लोटन सर केव्हाच जागे झाले होते. त्यांनी स्वतःची रेघ पडद्यावर पुन्हा चालवून बघितली होती, तीही कौतुकाने. ते बाहेर गेले आणि टपरीवरून चहाची किटलीच घेऊन आले. पहिला कप अमृत सरांपुढे धरला.

“पाटील, शब्द तुम्ही आम्हा तिसांसमोर टाकला ना? मग सोडायचा हक्क आमचा. हा चहा घेतला की शब्द सुटला.”

“असं नसतं, भो.”

“आमच्या धुळ्याला असंच असतं. घ्या, नाहीतर पुन्हा झोपतो.”

प्राचार्यांनी गुणपत्रक जमिनीवरून उचलून झटकलं आणि त्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. सरांनी कप घेतला. तीसही जणांनी घेतला. फाल्गुनी खिडकीकडे तोंड करून प्यायली, आणि बराच वेळ वळली नाही.

आठवी पिशवी आतापर्यंतची सगळ्यात मोठी निघाली. तुळशीबाई मिरच्या घेऊन तयार होत्या, पण सरांनी ती दिली नाही. तिच्यात लांब स्क्रू ड्रायव्हर, डाग पडलेलं बेअरिंग आणि फाल्गुनीने ठेवून घ्या म्हणून दिलेला सेन्सर असतो.

जूनमध्ये नव्या विषयाचा पहिला तास झाला. यंत्रशाळेतला कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे गेला होता. सर आत आले, पिशवी टेबलावर ठेवली आणि उभे राहिले ते उजव्या रांगेच्या पुढ्यात, डावा कान तिच्याकडे करून. उजवी रांग दचकली. पाच वर्षांच्या परंपरेत असं कधी घडलं नव्हतं.

“पोरांनो,” सर म्हणाले, “या बाजूच्या शंका पाच वर्षं माझ्याकडून राहिल्यात. चूक माझ्या कानाची. आजपासून आधी तुमची शंका. विचारा.”

मग धडगावकडची एक मुलगी, पार कोपऱ्यातली, बिचकत उठली. सर दोन पावलं पुढे गेले, मान कलती केली, डोळे मिटले. चालू मोटरीपुढे मिटायचे तसेच.

“सर,” मुलगी म्हणाली, “तुम्ही नेहमी तिकडे तोंड करून शिकवता असं वरच्या वर्गातली मुलं म्हणतात. इकडच्या रांगेला काही ऐकूच येत नाही. आता जरा इकडे बघून शिकवाल का?”

सरांनी डोळे उघडले. शब्द न् शब्द ऐकू आला होता.